जिवाणूला आपला मध्य कसा सापडतो?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मराठीच्या अध्यापकाला व्याख्यानाचे निमंत्रण दिले म्हणजे तो संतवाङ्मयावर बोलेल, फार तर नवकवितेवर बोलेल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तशी सूचनाही मला झाली होती. तरीही मी आज जिवाणूंविषयी बोलणार आहे, आणि त्यातही एका अगदी लहानशा प्रश्नाविषयी. एका जिवाणूचे दोन होतात तेव्हा तो बरोबर मध्यावर दुभंगतो. तो मध्य त्याला कसा सापडतो? त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, मोजपट्टी नाही. मग हे माप घेतो कोण?

विषयाचा आणि मराठी ग्रंथालयाचा संबंध काय, असे कोणी विचारील. या शहरात तो प्रश्न विचारू नये असे मला वाटते. १९१७ साली येथे दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग निघाला आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ. पदार्थविज्ञानापासून वैद्यकापर्यंत सारे विषय उर्दूतून शिकवायचे, आणि त्यासाठी लागणारे शब्द नसतील तर ते घडवायचे, असा तो खटाटोप होता. त्यामागचे राजकारण काही असो, विज्ञान देशी भाषेत बोलू शकते हा विश्वास त्यात होता. आपल्या वडीलधाऱ्या पिढीतील कित्येक मराठी माणसे त्या उर्दू विज्ञानावरच वाढली. मग हबशीगुड्याला, उप्पलच्या रस्त्यावर, ज्या संस्थेत जिवाणूंच्या भित्तीवर जगाने दखल घ्यावी असे काम झाले, त्या कामाविषयी या शहरातल्या मराठी ग्रंथालयात मराठीतून बोलता येऊ नये? मी प्रयत्न करतो. अडखळलो तर तो दोष माझा समजावा, भाषेचा नव्हे.

प्रथम आकाराची कल्पना यावी. आपल्या आतड्यात राहणारा आणि जगातल्या सर्व जिवाणूंत बहुधा सर्वांत अधिक अभ्यासला गेलेला जिवाणू म्हणजे ई. कोलाय. हा औषधाच्या कुपीसारखा, म्हणजे मधे सरळ आणि दोन्ही टोकांना गोलसर असतो. लांबी सुमारे २ मायक्रोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेत असे ५०० जिवाणू एकामागे एक मावतील. अन्न मुबलक आणि ऊब पुरेशी असेल तर तो २० मिनिटांत दुभंगतो. संध्याकाळी सातला एक असेल तर सकाळी सातला, निदान कागदावर, ६,८७२ कोटी होतात. प्रत्यक्षात अन्न आधी संपते, म्हणून जग वाचते. विरजण लावून आपण निर्धास्त झोपतो ते जिवाणूंच्याच अशा एका कुळाच्या भरवशावर.

या प्रत्येक विभाजनात मध्य चुकून चालत नाही. ई. कोलायच्या पोटात त्याच्या आनुवंशिक लेखनाची एक गोलाकार पोथी असते, सुमारे ४६ लाख अक्षरजोड्यांची. ती उलगडून सरळ केली तर दीड मिलिमीटर भरेल. म्हणजे ज्या घरात ती राहते त्या घराच्या सातशे पटींहून लांब. विभाजनापूर्वी तिची दुसरी प्रत निघते आणि दोन्ही प्रती घराच्या दोन अर्ध्या भागांत सरकतात. आता भिंत मधोमध न पडता एका टोकाशी पडली, तर एका वारसाला दोन्ही पोथ्या आणि दुसऱ्याला एकही नाही. पोथीवाचूनचा वारस काही काळ हालचाल करील, पण त्याला वंश नाही.

असे वारस खरोखरच पाहण्यात आले, आणि या शास्त्राची सुरुवात तिथूनच झाली. १९६७ साली अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत हॉवर्ड ॲडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलायचा एक बिघडलेला वाण वर्णिला. त्यात टोकाशी दुभंगून चिमुकल्या, गोल, डीएनए नसलेल्या पेशी तयार होत. इंग्रजीत त्यांना 'मिनिसेल' म्हणाले, आपण लघुपेशी म्हणू. ज्या जनुकांच्या बिघाडाने हे घडे त्यांना त्यावरूनच 'मिन' हे नाव पडले. शास्त्रज्ञांची एक खोड येथे ध्यानात घ्यावी: ते जनुकाला त्याच्या कामावरून नाव देत नाहीत, ते नसताना जे बिघडते त्यावरून देतात. घरातल्या कर्त्या माणसाची किंमत तो गावाला गेल्यावर कळावी, तसेच हे.

दुभंगण्याचे प्रत्यक्ष काम एका दुसऱ्या प्रथिनाकडे असते. त्याचे नाव एफटीएसझेड. यासाठी मराठी शब्द सुचवावा असा मोह झाला होता. पण विशेषनामाचे भाषांतर करू नये हा नियम मी विद्यार्थ्यांना शिकवतो, तो स्वतःही पाळतो. या प्रथिनाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पेशीच्या आतल्या अंगाला, कमरेभोवती करगोटा असावा तसे एक कडे तयार होते. अर्फेई बी आणि जो लुटकेनहाउस यांनी १९९१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते दाखवून दिले. कडे जिथे बसेल तिथे इतर पंचवीस-तीस प्रथिने जमतात, पटल आत ओढले जाते, नवी भिंत उभी राहते आणि एकाची दोन बिऱ्हाडे होतात. म्हणून आपला मूळ प्रश्न असा होतो: कडे मध्यावरच का बसते?

आपण मध्य कसा काढतो ते पाहा. सुतार सुतळी फळीइतकी मोजतो आणि ती दुमडतो. साडीची घडी घालताना पदर काठाला नेऊन लावतात. दोन टोके एकत्र आणली की मध्य आपोआप हाती येतो. जिवाणूला स्वतःला दुमडता येत नाही. पण दोन्ही टोकांकडे जाऊन येणारे कोणीतरी त्याच्यापाशी आहे.

१९८९ साली पीट द बूर, रॉबिन क्रॉसली आणि लॉरेन्स रॉथफील्ड यांनी मिन जनुकांची फोड करून दाखवले की ही तीन प्रथिने आहेत: मिन-सी, मिन-डी आणि मिन-ई. मिन-सी कड्याला जुळू देत नाही. तो खरा अटकाव करणारा. मिन-डी हा मिन-सीला बोट धरून पेशीपटलापर्यंत नेतो. मिन-ई या दोघांना तिथून उठवतो. इतके कळले, तरी हे सारे टोकांशीच अटकाव का करतात आणि मध्याला मोकळे का सोडतात, हे दहा वर्षे नीटसे उमगले नाही. मग एका समुद्री जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन मिन-डीला जोडून डेव्हिड रॅस्किन आणि द बूर यांनी जिवंत पेशीत पाहिले, आणि १९९९ साली जे प्रसिद्ध केले त्याने सारेच चकित झाले. मिन-डी एका जागी नव्हताच! तो एका टोकाला गोळा होई, मग तिथून निघून दुसऱ्या टोकाला जाई, पुन्हा परत येई. एक फेरी साधारण मिनिटाच्या आतबाहेर, आणि हे अखंड.

आपल्यापैकी ज्येष्ठांना जुन्या मोहल्ल्यांतला रात्रीचा पहारेकरी आठवत असेल. काठी आपटत तो गल्लीच्या एका टोकाला जाई, तिथे जरा थांबे, विडी ओढी, मग दुसऱ्या टोकाला जाऊन तसाच रेंगाळे. गल्लीच्या मधून तो फक्त चालत जाई. रात्रभराचा हिशेब मांडला तर दोन्ही टोकांना त्याची हजेरी जास्त आणि मध्यावर सर्वांत कमी. मिन-डीचे नेमके असेच आहे. सोबतीला मिन-सी असल्यामुळे टोकांशी कड्याची जुळणी सतत मोडते. मध्यावर ती मोडायला कोणी फारसे थांबत नाही, म्हणून कडे तिथे बसते.

हा पहारेकरी फिरतो कशामुळे? त्याला कोणी हुकूम सोडत नाही. मिन-डीला एटीपी हा ऊर्जेचा रेणू चिकटला की तो पटलाला धरतो, आणि जिथे थोडे जमतात तिथे आणखी येतात. मागोमाग मिन-ई येतो आणि त्या एटीपीचा खर्च घडवून आणतो; मिन-डीची पकड सुटते. सुटलेल्या मिन-डीला पुन्हा एटीपी घेऊन तयार व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात तो पेशीद्रवात दूर जातो, आणि जिथे मिन-ई विरळ आहे अशा जागी, म्हणजे पलीकडच्या टोकाला, पुन्हा बसतो. एवढाच खेळ. दोन पदार्थ, एक दुसऱ्याला जमू देणारा आणि एक उठवणारा, वेगवेगळ्या गतीने पसरले तर त्यांतून आपोआप नक्षी उमटू शकते, हे ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५२ साली कागदावर मांडले होते. जिवाणूच्या पोटात त्याच जातीचे गणित चालू निघाले. जर्मनीत ड्रेस्डेन येथे पेट्रा श्वीले यांच्या गटाने २००८ साली याची कसोटी पाहिली. जिवाणू पूर्ण वगळून, काचेवर पसरलेल्या कृत्रिम पटलावर फक्त मिन-डी, मिन-ई आणि एटीपी घातले. आणि त्या पटलावर लाटा धावू लागल्या. पेशी नाही, जीव नाही, तरी पहारा सुरू! मला या साऱ्या शास्त्रात सर्वांत विलक्षण वाटते ते हेच.

आमच्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर जिवाणूपाशी 'येथे काप' असा आज्ञार्थ नाही. 'येथे कापू नको' असा निषेध मात्र आहे, आणि तोही एकदा नव्हे. पोथीच्या प्रती जिथे पसरल्या आहेत त्या जागेवर कडे बसू न देणारे आणखी एक प्रथिन आहे, एसएलएमए नावाचे. थॉमस बर्नहार्ट आणि द बूर यांनी ते २००५ साली दाखवले. दोन्ही प्रती बाजूला सरकेपर्यंत मधली जागाही बंदच असते. टोके मिननी नाकारली, पोथ्यांची जागा या दुसऱ्याने नाकारली. उरला तो मध्य. ही दोन्ही नकारघंटा काढून टाकल्या तरी कडे पुष्कळदा मध्याच्या जवळपासच बसते, हेही नंतर आढळले. पोथीचा शेवटचा भाग आणि कडे यांच्यामध्ये प्रथिनांचा एक दुवा असतो, त्याचा तो परिणाम. निसर्ग एका कुलुपावर भरवसा ठेवत नाही.

शिवाय तो एकाच नियमावरही अडून बसत नाही. मातीत राहणाऱ्या बॅसिलस सबटिलिसपाशी मिन-ई नाही. त्याचा पहारेकरी फिरत नाही, टोकांशी ठाण मांडून बसतो. न्यूमोनियाच्या एका जिवाणूत तर उलटाच प्रकार: तेथे २०१४ साली मॅप-झेड नावाचे असे प्रथिन सापडले की जे कड्याच्या आधीच जागेवर जाऊन खूण करून ठेवते. म्हणजे आज्ञार्थही आहे. आणि क्षयाचा जिवाणू? त्याच्यात मिनसारखी व्यवस्था सापडलेलीच नाही. त्याचे विभाजन २० मिनिटांत न होता जवळजवळ एक दिवस घेते, आणि ते पुष्कळदा मध्य सोडून होते; एक भावंड मोठे, एक लहान. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. अजितकुमार यांच्या गटाने या असमान वाटणीचा अभ्यास केला आहे. ती असमान भावंडे औषधापुढे सारखीच वागत नाहीत, असे अन्यत्र झालेल्या प्रयोगांत दिसले. जगातील क्षयाच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात असताना ही वाटणी कशी होते हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

आता हबशीगुड्याकडे वळतो. पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र, ज्याला सारे शहर सीसीएमबी म्हणते, ते १९७७ साली डॉ. पुष्पमित्र भार्गव यांच्या पुढाकाराने आकाराला आले. तेथे डॉ. मंजुळा रेड्डी यांनी ई. कोलायवर वर्षानुवर्षे काम केले. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला एक निबंध विभाजनाच्या कड्याशी संबंधित एफटीएस-ईएक्स या प्रथिनजोडीवर आहे. ही जोडी नसलेले जिवाणू साध्या पातळ द्रावणात जगत नाहीत, दाट द्रावणात मात्र तग धरतात, असे त्यात दाखवले आहे. पण त्यांचे नाव झाले ते भित्तीच्या प्रश्नाने. जिवाणूची भित्ती म्हणजे शर्करेच्या साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे लहान दुवे यांची एक विणलेली पिशवी, संपूर्ण पेशीभोवती एकसंध. वाढायचे तर या पिशवीत नवे धागे घालायला हवेत, आणि जुने दुवे कापल्याखेरीज नवा धागा शिरणार कसा? आत दाब एवढा असतो की चुकीच्या जागी काप पडला तर पेशी फुटावी. २०१२ साली रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दुवे कापणारी तीन विकरे ओळखली. त्यांपैकी एक-दोन नसली तरी चालते. तिन्ही नसतील तर जिवाणू वाढू शकत नाही. विणण्याआधी कात्री लागते, हे त्यांनी सिद्ध केले. या कामासाठी त्यांना २०१९ सालचे जीवविज्ञानाचे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. आपल्या शहरातल्या किती मराठी घरांत ही बातमी पोचली, हे मी विचारत नाही.

पेनिसिलिन घाव घालते ते याच विणकामावर. १९४० साली ऑक्सफर्डच्या ए. डी. गार्डनर यांनी पाहिले की पेनिसिलिन थोड्या प्रमाणात असेल तर जिवाणू मरत नाहीत, पण दुभंगणे सोडून देतात आणि दोऱ्यासारखे लांबत जातात. विभाजन अडले की असा दोरा होतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या सर्वपरिचित गोळीने दोरा होतो तो वेगळ्या वाटेने. हे औषध डीएनएला इजा पोचवते. तशी इजा झाली की जिवाणू स्वतःच सुल-ए नावाचे प्रथिन तयार करतो आणि ते एफटीएसझेडला जखडून कडे बसू देत नाही. पोथी फाटलेली असताना वाटणी नको, आधी डागडुजी, असा हा घरचाच शहाणपणा. डागडुजी साधली की ते प्रथिन नष्ट केले जाते आणि विभाजन पुन्हा सुरू होते. म्हणजे अपुऱ्या मात्रेने लांबलेला दोरा हा मेलेला जिवाणू नव्हे. तो थांबलेला आहे.

आणि अपुरी मात्रा म्हणजे केवळ आपण अर्धवट सोडलेला गोळ्यांचा कोर्स नव्हे. हे शहर साऱ्या जगाला औषधे पुरवते, त्याचा अभिमान आपण बाळगतो आणि बाळगावाही. परंतु २००७ साली स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी पटानचेरू येथील, सुमारे ९० औषध-कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. त्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन निघाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून हे प्रमाण अधिक आहे! ते पाणी पुढे ओढ्यानाल्यांत विरळ होत जाते. आणि कुठेतरी ते नेमके असे विरळ होते की जिवाणू मरत नाही, थांबतो, डागडुजी करतो आणि त्या घाईच्या डागडुजीत नव्या चुका, नवी वळणे शिकतो. औषधाला न जुमानणारी पिलावळ वाढते ती अशा जागी. ज्यांच्या घरी कोणी ना कोणी औषध-कारखान्यात नोकरीला आहे असे अनेकजण या सभागृहात बसले आहेत. हा विषय त्यांच्या घरातही निघावा, अशी माझी विनंती आहे.

म्हणूनच आता कड्यावरच नेम धरणारे औषध शोधण्याचा प्रयत्न चालू आहे. एफटीएसझेड बहुतेक सर्व जिवाणूंत असते आणि आपल्या पेशींत नसते; औषधाला याहून बरे लक्ष्य कोणते? आपल्या पेशींत त्याचा एक दूरचा नातलग आहे, ट्युब्युलिन. नाते इतके जुने की मूळ अक्षरे जुळत नाहीत, पण १९९८ साली दोघांची रचना उलगडली तेव्हा घडण एकच निघाली. पवईच्या आयआयटीत डॉ. दुलाल पांडा यांच्या गटाने एफटीएसझेडला अडवणारे अनेक पदार्थ तपासले, आणि २००८ साली त्यांनी दाखवले की हळदीतील कुर्कुमिनही या प्रथिनाची जुळणी बिघडवते; त्याने जिवाणूंचे दोरे होतात. ही बातमी ऐकून कोणी हळदीच्या दुधाने क्षय बरा करायला निघू नये. परीक्षानळीतले कुर्कुमिन आणि पोटात गेलेले कुर्कुमिन यांत फार अंतर आहे. ते रक्तात फारच थोडे उतरते. कड्यावर नेम धरणारे एकही औषध अद्याप दवाखान्यापर्यंत पोचलेले नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. एफटीएसझेड आपल्या पेशींत नाही असे मी म्हणालो. पण ते आपल्या स्वयंपाकघरात आहे. वनस्पतीच्या पानातले हिरवे कण एकेकाळचे स्वतंत्र जिवाणू, कोट्यवधी वर्षांपूर्वी पेशीत येऊन राहिलेले. ते आजही पेशीच्या आत दुभंगतात, आणि तेथेही एफटीएसझेडचे कडे बसते. १९९५ साली ॲराबिडॉप्सिस या लहानशा रोपट्यात त्याचे जनुक सापडले. मिन-डी आणि मिन-ईचे वंशजही तिथे आहेत. कुंडीत कोथिंबीर वाढत असते तेव्हा तिच्या कोवळ्या पानात हे मध्य शोधणे चालूच असते.

अध्यक्षमहोदयांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवण्यास सांगितले आहे. सभागृहात सीसीएमबीचे काही तरुण संशोधक आलेले मला दिसत आहेत. अवघड प्रश्न त्यांच्याकडे वळवण्याची मुभा असावी, एवढे मागून मी थांबतो.